चिवणीची गाभोळी

माझ्या पायाला भिंगरी आहे हे घरात सगळे जाणतात. त्यामुळे भाची मृण्मयी म्हणाली, "मावशी, खाडीत येतेस? चिखल असतो हं," तेव्हा कुकर लावायचा सोडून मी चपला शोधायला लागले.

मृण्मयी खाडीतल्या माशांवर संशोधन करते. कल्याण-डोंबिवलीच्या खाडीत चिवणी (मिशावाला लहान मासा) अजून अंडी घालते, एवढं तिला सिद्ध करायचं होतं. तसं झालं तर तो पट्टा राखा, पावसाळ्यात काही आठवडे तिथे जाळी टाकू नका, असं सोमवारच्या सरकारी बैठकीत तिला ठासून सांगता आलं असतं. त्यासाठी पोटात अंडी असलेल्या माद्या हव्या होत्या. आधीच्या फेऱ्या फुकट गेलेल्या. ठाण्यातल्या वर्तकनगरहून निघाल्यापासून पोरगी नखं खात होती.

एसटीनं कल्याणला दुर्गाडीपाशी उतरलो. पुलाखाली तिच्या ओळखीचे कोळी काशिनाथदादा होडी घेऊन उभे होते. खाडीचं पाणी चहाच्या रंगाचं, वास मात्र विचारू नका. डोंबिवलीच्या बाजूला एका वळणावर तिवरं (खारफुटीची झाडं) संपली आणि राडारोड्याचे ढीग सुरू झाले. "मागल्या साली हितं झारा (झाडं) होती," दादा म्हणाले. त्याच्या जरा पुढे त्यांनी जाळं टाकलं.

जाळ्यात चिवण्या आल्या, पोटं टम्म फुगलेल्या. मृण्मयीनं त्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या आणि हसता हसता डोळे पुसले. मलाही फार बरं वाटलं.

मग ओहोटी लागली आणि होडी गाळात रुतली. मी सारखी उठून बघत होते. "मावशी, बसा गो एका जागी, नायतर होरी कलंडल," दादा शेवटी वैतागले. गुडघाभर चिखल तुडवत त्यांच्या घरी पोचलो. दादांनी डबा आत नेऊन ठेवला. आम्ही अंगणातल्या नळावर पाय नि कपड्यांचा चिखल धुऊन बराच वेळ तिथेच टेकलो होतो, तेवढ्यात लसणाची फोडणी दरवळली. "काय वास सुटलाय गं," मी म्हटलं. मृण्मयी एकदम आत धावली.

चुलीपाशी राख चोळून साफ केलेल्या चिवण्या होत्या आणि तव्यावर पिवळीधमक गाभोळी (माशाची अंडी). दादांची बायको सुमनताई ती उलटवत होत्या.

"ताई, त्या माझ्या चिवण्या होत्या."

"तुज्याच ना गो. म्हनून गाभोळी तुलाच ठेवली, पावनी तू."

मृण्मयी चुलीपाशीच खाली बसली. हुंदके देत तिनं सगळं सांगितलं. सुमनताईंनी तवा उतरवला आणि पदरानं तिचं तोंड पुसलं. त्यांच्याकडे उत्तम घास पाहुण्यालाच वाढतात. त्यांना बोल कसा लावायचा?

दारातून दादा ऐकत होते. "म्हंजे या म्हावऱ्यापायी (माशांपायी) तिथं माझंच जालं बंद व्हायचं?"

"काही आठवडे," मृण्मयी कशीबशी म्हणाली.

मी उठले, बसले, पुन्हा उठले. समोर आलेली गाभोळी आम्ही खाल्ली. चव अप्रतिम होती. पोरगी मात्र एकच तुकडा चिवडत राहिली, आणि दादा तिच्या ताटाकडे बघत होते.

"सांजची भरती हाय," दादा अचानक म्हणाले. "डबा घ्या."

त्यांनी पुन्हा त्याच जागी जाळं टाकलं. चिवण्या आल्या, याही फुगल्या पोटाच्या. डब्याचं झाकण त्यांनी स्वतः लावलं आणि म्हणाले, "लिव, पोरी. पन राडा टाकनाऱ्यांनाबी बंद कर. निस्ता आमालाच नको."

"सोमवारी तेही मांडीन," मृण्मयी म्हणाली, पण बंद करीन असा शब्द काही तिनं दिला नाही.

परतताना आम्ही खाडीवरच्या पुलावरून रिक्षानं आलो. डबा माझ्या मांडीवर होता, आणि एरवी स्वस्थ न बसणारी मी अजिबात हलले नाही. पूल संपता संपता राडारोड्यानं भरलेला एक डंपर आमच्या पुढून काठाच्या कच्च्या रस्त्याला उतरला. त्याचा लाल दिवा तिवरांत दिसेनासा होईपर्यंत मृण्मयी बघत राहिली. मग तिनं डबा माझ्याकडून स्वतःच्या मांडीवर घेतला.