मुरब्याला सोडलेली वाट मुरब्यालाच धरली

निघायच्या आदल्या संध्याकाळी सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला खुर्चीत बसवलं, पँट वर करायला लावली आणि ब्लाउज शिवायच्या टेपने माझा डावा गुडघा मापला. मग उजवा. दोन्ही सारखे भरले.

"परत आल्यावर पुन्हा मापणार," ती म्हणाली. "डावा फुगलेला राहिला तर हे चालणं कायमचं बंद. वाटेत एकदा जरी रिक्षात बसलात तरी बंद. बूट भंगारात."

मासवणहून बोईसरला येऊन वेल्डरच्या हाताखाली सुरुवात केली आणि आज स्वतःचं वर्कशॉप आहे, तेव्हा घासाघीस मला येते. पण इथे समोरची पार्टी ऐकणारी नव्हती. कबूल केलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो. गुजरातच्या हद्दीवरच्या झाईपासून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने थेट गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोलपर्यंत, तुकड्यातुकड्याने चालत जायचं, असा हा बेत. डहाणू झालं, चिंचणी झाली. तारापूरला अणुवीज केंद्रामुळे किनाऱ्याने जाऊ देत नाहीत, म्हणून गावांतून वळसा घातला. पुढे नांदगावच्या खडकांवर डावा गुडघा असा पिळवटला, की मुरब्यापर्यंत लंगडत आलो आणि तिथून लोकांनी मला मासळीच्या टेम्पोत घालून घरी पाठवलं. मग डॉक्टर, बर्फ, पट्टा, व्यायाम. अख्खा पावसाळा घरात. टेम्पोचा वास गेला, पण मुरब्याचं नाव काही डोक्यातून गेलं नाही.

माझा एकच नियम: जिथे वाट सोडली, तिथूनच धरायची. तिथवर आणि तिथून घरी गाडी चालते, मधल्या वाटेत नाही.

थंडीतली सकाळ. बोईसर स्टेशनबाहेरून मुरब्याची शेअर रिक्षा मिळते, भरली की सुटते. शेजारी कारखान्यातली दोन पोरं रात्रपाळी करून घरी निघालेली. माझी पाठपिशवी बघून एक म्हणाला, "अंकल, ट्रेकिंग? पहाड तो उस तरफ है." दुसरा डोळे मिटूनच म्हणाला, "जाने दे. वापस आयेंगे तब बताना."

मुरबे आणि सातपाटी यांच्यामध्ये खाडी आहे. पलीकडची घरं हाकेच्या अंतरावर, रस्त्याने मात्र पार पालघरकडून फेरा. म्हणून लोक होडीने जातात. धक्क्यावर पोचलो तर ओहोटी. खाडीचं पाणी मधल्या पट्ट्यापुरतं उरलेलं, होडी चिखलात कलंडलेली. होडीवाले मोरूदादा बिडी ओढत बसलेले.

"होडी बंद आहे का?"

"बंद कशाला? ही काय समोर हाय."

"मग चला की. पाणी केवढंसं आहे, आत्ता पोचू."

धक्क्यावर बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. रिकामी पाटी उशाला घेऊन पडलेल्या एक आजी उठून बसल्या. "कुठचे तुमी?"

"मासवणचा."

"म्हनजे नदीवालं! तुमच्या नदीत पानी कमी झालं की मानूस चालाय लागतो. आमच्या खाडीत पानी कमी झालं की मानूस बसतो."

तेवढ्यात एक जण चपला हातात घेऊन चिखलात उतरला आणि मधल्या पाण्यातल्या छोट्या होडीकडे सरळ गेला. मला राहवेना. इतके महिने बसूनच तर होतो! मी बुटाची नाडी सोडली.

"बांदा ती परत," आजी म्हणाल्या. "त्याची सवय हाय. तुमचा पाय निगंल, गुडगा चिखलातच ऱ्हाईल."

गुडघ्याचं त्यांना मी काहीच बोललो नव्हतो. आता सगळं सांगितलं, टेपसकट.

"बायको शानी हाय तुमची," आजी म्हणाल्या. "आनि घरात बसलो, घरात बसलो, काय लावलंय? पावसात आमच्या होड्या पन वर वढलेल्याच असतात. मोडल्या म्हनून नाय. डागडुजी करतो, रंग काडतो, नारळ दिला की पान्यात. कुनी रडत बसतं काय?"

मी नाडी बांधली. आजींनी उकडलेल्या शेंगा पुढे केल्या. गप्पांच्या नादात पाणी कधी चढलं कळलं नाही. कलंडलेली होडी, कुणी हात न लावता, हळूहळू सरळ झाली. मोरूदादांनी बिडी टाकली. "चला, नदीवालं आदी."

तुम्ही जाणार असाल तर मुरब्यात कुणाला तरी आधी फोन करून भरती विचारा. होडीचं भाडं किरकोळ आहे, सुटे ठेवा.

सातपाटीला बांबूंच्या मांडवांवर बोंबील सुकत होते, जबड्यात जबडा अडकवून जोडीने टांगलेले. खालून चाललो, डोक्याला शेपट्या लागल्या. पुढे शिरगावची पुळण पायाला मऊ, पण गुडघ्याला वैरी. ओल्या वाळूवरून चाला, ती घट्ट असते. माहीमला, म्हणजे मुंबईच्या नव्हे, केळव्याशेजारच्या, पानवेलींच्या वाड्यांतून सावली मिळाली. केळव्याला मुक्काम. सुट्टीचा दिवस टाळलात तर खोली स्वस्तात मिळते. जेवायला उकडहंडी होती: कंद, पापडी आणि मसाला मडक्यात घालून वाफवलेले. मी तीनदा वाढून घेतली. गुडघा गप्प होता.

दुसऱ्या दिवशी एडवणच्या अलीकडे तो बोलायला लागला. आधी कुरकुर, मग कळ. मागून रिकामी रिक्षा आली. "काका, बसा. दातिवऱ्यालाच चाललोय, पैशे पन नको."

फुकट मिळणारी वस्तू मी आयुष्यात सोडलेली नाही. तरी "नको" म्हणालो. एरवी पुढची गोष्ट अशी झाली असती, की दात-ओठ खात चालत राहिलो असतो आणि गुडघ्याचं वाटोळं केलं असतं. मी बांधावरच्या ताडाखाली बसलो. पट्टा बांधला, पाय पिशवीवर उंच ठेवला, उरलेल्या शेंगा खाल्ल्या.

बऱ्याच वेळाने तीच रिक्षा परत आली. "काका, अजून इथंच?"

"भरतीची वाट बघतोय."

त्याने एकदा कोरड्या शेताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "घरचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

हसता हसता उठलो. कळ ओसरली होती. सावकाश, दोनदा बसत, उन्हं कलताना दातिवऱ्याला पोचलो. समोर वैतरणेचं मुख, पाणी चांगलं तुडुंब, पलीकडे अर्नाळा. चालून आलो होतो, सगळं. एसटीने सफाळे आणि तिथून रेल्वेने घरी.

दारातच सुनंदाने टेप काढली. डावा. उजवा. पुन्हा डावा.

"फुगलाय."

"थोडा."

"थोडा असो नाहीतर जास्त. ठरलं काय होतं?"

मी तिला धक्का सांगितला, होड्या सांगितल्या, ताड सांगितला. रिक्षावाल्यावर ती हसली, पण टेप खांद्यावरच होती. बर्फाची पिशवी गुडघ्यावर आपटून ती आत गेली. बूट मी कॉटखाली सरकवले.

दोन दिवस बर्फ लावला. तिसऱ्या दिवशी मी जेवत असताना न सांगताच खाली बसली आणि दोन्ही गुडघे मापले. सारखे भरले. टेप गुंडाळत शिलाई मशीनकडे गेली, सुईत दोरा ओवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"त्या अर्नाळ्याला होडी जाते का? जात असेल तर या वेळी भरती आधी विचारून ठेवा."