काळी चारचा सा

महादेवी रोज सकाळी चहाच्या आधी तंबोरा लावायची. गॅसवर आधण ठेवायचं, पुढच्या खोलीत येऊन गवसणी काढायची, पेटीची एकच पट्टी दाबायची आणि चारही तारा त्या सुरात आणायच्या. पट्टी ठरलेली, काळी पाच. तारा जुळल्या की चार-पाच मिनिटं त्या नुसत्या छेडायच्या आणि तंबोरा पुन्हा कोपऱ्यात उभा करायचा. ती गायची मात्र नाही. तोवर आधण उकळलेलं असायचं.

तिचा नवरा मल्लिनाथ अंथरुणातूनच त्या आवाजावर वेळ ओळखायचा. लातूरच्या गंजगोलाईत त्याचं भांड्यांचं दुकान. "मला घड्याळ नको," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "घरात तंबोरा हाय."

काळी पाच ही महादेवीची पट्टी नव्हती. ती शिवकन्येची होती.

दोघी एकाच मास्तरांकडे शिकलेल्या. मठामागच्या एका खोलीत क्लास भरायचा, मुली सात-आठ आणि तंबोरा एक. शिवकन्येचा गळा उंच आणि मोकळा. वरच्या सा वर ती अशी जाऊन बसायची जशी दुसरी मुलगी ओट्यावर बसेल. मास्तर तिच्या गळ्याला सोयीचा म्हणून तंबोरा काळी पाचला लावायचे आणि बाकीच्यांनी तिथंच गायचं. महादेवीचा आवाज जाड आणि ठेवणीचा, पण दोन पायऱ्या खालचा, काळी चारचा. मधल्या सप्तकात तो तुपासारखा वाहायचा, वर गेला की फाटायचा. पंधराव्या वर्षी एकदा तिनं धीर करून विचारलं होतं, "मास्तर, जरा उतरवून लावला तर?"

"एका पोरीसाठी तारा खालीवर करत बसू का?" मास्तर म्हणाले. "तुझा गळा न्हाई चालायचा. कान मात्र लई चांगलाय. तू तंबोऱ्यावर बस."

ती बसली. शिवकन्या पुण्याला गेली, नावारूपाला आली. महादेवीचं लग्न झालं, पण तंबोऱ्यावरचं बसणं सुटलं नाही. लातूर, उदगीर, नांदेड, कुठंही मोठं गाणं असलं की संयोजक तिला बोलवायचे. आले-गेले सगळे गवई तिनं दोन हातांवरून ऐकले. लोकांना त्यांचे चेहरे ओळखीचे, तिला पाठी. गाणं जमणार असेल तर मानेखालची शीर आधी कशी सैल होते, श्वास संपत आला की कोणता खांदा वर येतो, हे तिला समोरच्या हजार माणसांआधी कळायचं. तिला कुणी विचारायचं मात्र नाही.

आणि विचारणारी माणसं तिच्याच घरी जमायची. रविवारी दुकान बंद असलं की मल्लिनाथकडे बैठक व्हायची. एसटीतून निवृत्त झालेले भागवत आणि औषधांच्या दुकानाचे सिद्धेश्वर असे दोघंच यायचे, पण आवाज दहा जणांचा. विषय एकच: सगळ्यांत मोठं कोण?

"मन्सूर," सिद्धेश्वर म्हणायचे. "वाद संपला."

"तुमचा वाद जातीवर संपतो, ते बी लिंगायत, तुम्ही बी," भागवत म्हणायचे. "उद्या तुमच्या आळीतला दूधवाला गायला लागला तरी त्याला बी मोठा म्हणाल."

"भागवतराव, दम ऐका त्यांचा. तान घेतली की तुमची अहमदपूर गाडी स्टँडवरून सुटून परत येईस्तवर चालू."

"दमाचं काय घेऊन बसलात? किशोरीताईंचा एक सूर लावा आणि मग बोला."

दोघं हातघाईवर आले की मल्लिनाथ मध्ये पडायचा. "ती मोठी माणसं गेली. आज जित्त्यात कोण? तर आपली शिवकन्या. लातूरची लेक हाय म्हणून बोलून न्हाई राहिलो, आवाजच तसा हाय."

अशा वेळी महादेवी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असायची आणि कुणाचं तरी नाव पुढं करायची. कधी मन्सूर, कधी किशोरीताई, कधी दूर बंगालकडच्या कुणा नव्या मुलाचं. तिचं मत दर रविवारी बदलायचं. शिवकन्या सोडून कुणीही चालेल, एवढंच त्या मतात कायम होतं, आणि ते आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पेपरात शिवकन्येचा फोटो आला की तो कागद ती तेलाच्या डब्याखाली घालायची. आठ दिवसांत तेलाचं वर्तुळ बरोबर चेहऱ्यावर उमटायचं. फडताळ पुसताना ती तो कागद बदलायची नाही.

जानेवारीत नांदेडच्या संगीत महोत्सवाचं बोलावणं आलं. सकाळचं सत्र, गाणार शिवकन्या. इतक्या वर्षांत महादेवी मैफलीत तिच्या मागे कधीच बसली नव्हती. शिवकन्येबरोबर तिच्या पुण्याच्या शिष्या असायच्या. यंदा त्या येणार नव्हत्या. "मॅडमनी तुमचंच नाव सांगितलं," संयोजक फोनवर म्हणाले.

जायचं नाही, असं महादेवीनं ठरवलं. मग मल्लिनाथ सहज म्हणाला, "तुझं नशीब बघ, तिच्या मागं बसाया मिळून राहिलं." त्यावर तिनं जायचं ठरवलं. तिला त्या बाईची पाठ बघायची होती.

आदल्या दिवशी ती एसटीनं निघाली. तंबोरा शेजारच्या सीटवर, गवसणीत, खिडकीशी. अहमदपूर सुटल्यावर कंडक्टर आला, तिच्याकडे बघितलं, तंबोऱ्याकडे बघितलं.

"मावशी, तुमचं हाफ. बायांना सवलत हाय. ह्यांचं?"

"ह्या बी बाईच आहेत."

"आधार कार्ड दाखवा म्हणा," कंडक्टर म्हणाला आणि हसत पुढं गेला.

गायकांची बसायची सोय एका शाळेच्या वर्गात होती. सकाळी महादेवी आत गेली तेव्हा शिवकन्या फळ्याखालच्या खुर्चीत शाल लपेटून बसली होती. केस रंगवलेले, पाठ ताठ. बोलणं स्वच्छ पुण्याचं. "प्रवास बरा झाला ना? मल्लिनाथराव कसे आहेत?" महादेवीनं उत्तरं दिली आणि खाली सतरंजीवर तंबोरा उघडला.

"म्हादे, दार लाव."

या नावानं तिला चाळीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. तिनं दार लावलं.

"काळी पाचला आहे ना तंबोरा?"

"हाय की. तुझीच पट्टी."

"काळी चारला घे."

महादेवीला नीट ऐकू आलं होतं. तरी तिनं विचारलं, "काय?"

"काळी चार. सहा महिने झाले. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. पेटीवाल्यांना माहीत आहे, ते वीस वर्षं माझ्याबरोबर आहेत, बोलणार नाहीत. पोरी बोलतात, म्हणून आणल्या नाहीत." पुढचं वाक्य शिवकन्येच्या तोंडून पुण्याचं आलं नाही. "आन् वरच्या सा ला मला धर. लई वेळ थांबता येऊन न्हाई राहिलं गं. मी डाव्या हाताचं बोट हलवीन."

महादेवीनं खुंटी धरली. तार हळूहळू सैल होऊ लागली. काळी पाच आणि काळी चार यांच्या मधे एक जागा येते, तिला पेटीवर पट्टी आहे, पण मास्तरांच्या त्या खोलीत तिला कुणी कधी हात लावला नव्हता. महादेवी तिथं थांबली. इथंच राहू दिलं तर? ती म्हणेल उतरवलाय, बाई थकल्या कानानं हो म्हणतील आणि तासाभरानं हजार माणसांसमोर तो गळा तसाच फाटेल जसा एकेकाळी दुसरा एक फाटायचा.

मग तिनं तार आणखी उतरवली. दया आली म्हणून नव्हे. तंबोरा काळी चारला लागला की कसा बोलतो, ते तिला जन्मभर ऐकायचं होतं, आणि ते आता आयतं समोर आलं होतं. चारही तारा जुळल्या. वर्गात एक जड, खोल, उन्हासारखा सूर पसरला. तिच्या स्वतःच्या गळ्याचा सूर. तोसुद्धा शिवकन्येसाठी लागला होता.

गाणं तोडी रागाचं होतं. विलंबित सुरू झालं आणि महादेवी समोरच्या पाठीकडे बघत राहिली. पाठ छान होती, हे तिला कबूल करावं लागलं. मधल्या सप्तकात बाई काय गात होत्या, ते खोटं म्हणता येईना. तिला ते अधिकच लागलं. वाईट गायली असती तर बरं झालं असतं. मग बढत वर चढली. उजवा खांदा वर आला. शिवकन्येनं सा लावला आणि डाव्या हाताचं बोट गुडघ्यावर हललं.

महादेवीनं तोंड उघडलं.

सा लागला. फाटला नाही, थरथरला नाही, कुठंही चढावं लागलं नाही. तो तिथंच होता, जसा घरातला पाट जागेवर असतो. शिवकन्येचा आवाज मधेच थांबला, तिनं श्वास घेतला, आणि निम्मं आवर्तन त्या मंडपात एकटा महादेवीचा सूर उभा राहिला. तिच्यापुढं तंबोऱ्याचा माइक होता. पुढच्या रांगेत लातूरहून पहाटेच्या एसटीनं आलेले भागवत आणि सिद्धेश्वर डोळे मिटून बसले होते. पूर्ण मंडप डोळे मिटून बसला होता. मग शिवकन्या खालून परत येऊन त्या सुराला मिळाली, समेवर आली, आणि टाळ्या पडल्या.

आणखी तीनदा बोट हललं. तीनदा तिनं सूर धरला. शेवटी शिवकन्येला शाल-श्रीफळ मिळालं, महादेवीला गुलाबाचं एक फूल आणि पाकीट. निघताना शिवकन्या तिच्याशी एवढंच बोलली, "येते." दारापाशी गर्दी होती.

लातूरला आल्यावर दुसऱ्या दिवशी महादेवीनं सकाळी आधण ठेवलं, गवसणी काढली आणि पेटी उघडलीच नाही. तारा होत्या तिथंच छेडल्या.

"आज तंबोरा जड वाटून राहिला," मल्लिनाथ आतून म्हणाला.

"थंडीनं उतरला असंल."

रविवारी भागवत आले ते खिशातून फोन काढतच. "सिद्धेश्वर, तुमचे मन्सूर जरा बाजूला ठेवा. मी चोरून फोनमध्ये भरून आणलंय. हे ऐका, हा सा."

फोनमधून तोडी सुरू झाली. महादेवी स्वयंपाकघरात चहा गाळत होती. सूर आला तेव्हा तिचा हात थांबला. आपला आवाज तिनं बाहेरून असा कधीच ऐकला नव्हता. तो तिच्या कल्पनेपेक्षा चांगला होता, आणि ते ऐकून तिला शिवकन्येचा इतका राग आला जितका आजवर कधी आला नव्हता. तिच्या नावावर आता हाही जमा.

"बघा," भागवत म्हणाले. "तीस वर्षं मी तिला ऐकून राहिलो. असा सा तिला कधी लागला न्हाई. पट्टी तीच, काळी पाच, वयाचा परिणाम न्हाई. आजपासून माझ्या यादीत ही पहिली."

"मन्सूरांच्या खालोखाल," सिद्धेश्वर शेवटी म्हणाले. त्यांच्या तोंडून हे फार होतं.

"परत लावा," मल्लिनाथ म्हणाला. ऐकून झाल्यावर तो हळूच बोलला. "असा आवाज मी जन्मात ऐकला न्हाई."

पस्तीस वर्षं त्याच घरात राहणाऱ्या बाईनं ट्रे उचलला, दारात आली, कप पुढं ठेवले. भागवतांना काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, "वैनी, तुम्ही तर तिच्या मागंच बसलेल्या. आज तुम्हीच सांगा. सगळ्यांत मोठं कोण?"

तिघं तिच्याकडे बघत होते. इतक्या रविवारांत पहिल्यांदा. एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते जिभेवर तयार होतं. पण ते बोललं की तो सा या तिघांचा होणार. ते त्यावर वाद घालणार, त्याला यादीत कुठंतरी बसवणार, कुणीतरी म्हणणार की बाईंनी मोठ्या मनानं संधी दिली. शिवकन्येला तेवढं मोठेपण आणखी मिळणार. महादेवीला ते देववेना.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली आणि आत गेली.

ओट्यावर तिचा फोन वाजत होता. शिवकन्येचा होता. तिचा नंबर महादेवीकडे होता, पण त्या नंबरावरून फोन पहिल्यांदाच आला होता. तिनं वाजू दिला. बंद होता होता उचलला.

"म्हादे, नांदेडचं छान झालं, नाही? सगळे म्हणतायत." पलीकडे थोडा खोकला. "पुढच्या शनिवारी सोलापूरला आहे. मोठं आहे. तू ये मागे बसायला. गाडी पाठवते. अगं, तुझ्याशिवाय आता..." वाक्य पुरं झालं नाही.

बाहेर भागवतांनी तोच तुकडा तिसऱ्यांदा लावला. सूर दारातून आत आला, भांड्यांवरून, तेलाच्या डब्यावरून. पलीकडे शिवकन्येलाही तो फोनमधून ऐकू गेला असावा, कारण ती एकदम गप्प झाली. दोघी तो संपेपर्यंत थांबल्या. नको असतानाही थांबल्या.

"येशील ना?" शिवकन्येनं विचारलं.

महादेवीनं गाळणीतला चोथा झटकला.

"शनिवारी न्हाई जमायचं," ती म्हणाली. "शनिवारी गॅसवाला येतो."