ठमाबाईच्या ओटीवरचं प्रस्थान

कोपरीतल्या रंगूबाईच्या खानावळीत जेवायला बसलेला माणूस पानाबाहेर शीत सांडायला घाबरायचा. बाई ओरडायची नाही, नुसती बघायची. लोकरीच्या गिरणीतली आठ माणसं दोन्ही वेळा तिच्याकडे जेवत. पहाटे उठून चूल पेटवायची, दुपारची भांडी होतात न होतात तोच संध्याकाळचे तांदूळ निवडायला घ्यायचे. दहा वर्षं असंच चाललं होतं. त्या दहा वर्षांत ती कुणाच्या घरी चहाला गेली नाही आणि दुपारी कधी आडवी झाली नाही. थकवा तिच्या अंगात इतका मुरला होता की तो तिला वेगळा असा जाणवतच नसे.

तिचा नवरा गुणाजी मुंबईच्या गोदीत मुकादम होता. चव्वेचाळीस सालच्या एप्रिलात एक दिवस तो कामाला निघाला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि तंबाखूची चंची राहिली म्हणून परत आला. रंगूबाईनं चंची दिली, वर घोटभर चहाही पाजला. त्याच दिवशी गोदीत तो मोठा स्फोट झाला. गुणाजीचा पितळी बिल्ला तेवढा घरी आला. शहाण्या माणसांनी तिला समजावलं, की बाई, स्फोटाचा आणि चंचीचा काही संबंध नाही. तिनं मान डोलावली आणि मनाशी पक्कं केलं, की यापुढे घराबाहेर पडलेला माणूस परत उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही. निघणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही. आणि आपण विधवा, आपण निघणाऱ्यासमोर यायचं नाही. हे तिसरं तिला गावाकडे शिकवलेलंच होतं, पण गुणाजीनंतर ती ते जास्तच कडक पाळू लागली.

मुलगा दौलत तेव्हा बारा वर्षांचा होता. खानावळीच्या धुरात अभ्यास करून तो शिकला, नकाशे काढायचं काम शिकला, आणि चोपन्न साली त्याला आफ्रिकेतली नोकरी लागली. नैरोबीत कुणी मोठा कंत्राटदार होता. करार पाच वर्षांचा, आणि माणूस लगेच हवा म्हणून बोटीऐवजी विमानाचं तिकीट. कोपरीतून विमानानं जाणारा हा पहिलाच. त्यामुळे सोमवारी निघायच्या वेळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. नारळ घेऊन आलेले लोक, उपदेश करणारे लोक, विमानात कानात कापूस घालतात की नाही यावर वाद घालणारे लोक. दौलतच्या हातावर दही घातलं ते समोरच्या ठमाबाईनं. रंगूबाई आत चुलीपाशी पाठमोरी बसून राहिली. मुलगा दाराआडून "येतो गं" म्हणाला, ती "हं" म्हणाली, आणि संपलं. आपण त्याच्याशी धड एक शब्द बोललो नाही, हे तिला भाताला आधण ठेवताना कळलं.

आणि संध्याकाळी दिवेलागणीला दौलत ट्रंक घेऊन दारात हजर!

"आई, संप झालाय. विमान कंपनीच्या सगळ्या लोकांनी काम बंद केलंय. कधी सुटेल सांगत नाहीत."

तो पाय उचलणार तोच रंगूबाई आतून कडाडली, "तिथंच थांब! आत येऊ नकोस."

"अगं, मग जाऊ कुठं?"

गल्ली चार पावलांची. समोर ठमाबाईचं घर. ठमाबाई म्हणजे जुन्या कोपरीची, मिठागरांवर राबलेल्या आगरी घराण्यातली, बोलायला रोखठोक. ती ओटीवरून सगळं ऐकत होती.

"अगो रंगू, पोर्‍याला दारान काय उभा केलास?"

रंगूबाईनं दाराआडूनच निकाल दिला. दौलतचं प्रस्थान ठमाबाईच्या ओटीवर ठेवलंय असं समजायचं. आता प्रस्थानाची रीत तशी सोपी आहे. मुहूर्त आज आणि प्रवास परवा असला, की सामानातलं एखादं गाठोडं शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला असं धरायचं आणि माणसानं खुशाल घरी जेवून झोपायचं. रंगूबाईनं माणसाचंच गाठोडं केलं. दौलतनं ट्रंक उचलली, चार पावलं चालला आणि ठमाबाईच्या ओटीवर जाऊन बसला. तो आईला ओळखून होता.

पुढचे दिवस एकसारखे गेले. सकाळी दौलत फोर्टातल्या विमान कंपनीच्या कचेरीत जाई. तिथे एकच साहेब खुर्चीवर असे, आणि तो बिचारा तिकीट न बघताच "उद्या या" म्हणे. तिथून सांताक्रूझला जावं, तर विमानतळावर माणसं आपापल्या ट्रंकांवर बसलेली. एका कुटुंबानं तर कोपऱ्यात स्टोव्ह पेटवून चहाचं आधण ठेवलेलं. दुपारी दौलत घामानं निथळत ओटीवर परत येई, आणि मग गल्ली ओलांडून बोलणं होई. म्हणजे ओरडणं.

"जेवलास काऽ?" रंगूबाई दाराआडून विचारी.

"जेवलोऽ."

"काय होतं?"

"वाकटीचं कालवणऽ."

मासळीचं नाव ऐकताच तिसऱ्या घरातून कुणीतरी विचारी, "सुकी का ओली?" आणि सगळी गल्ली हसे. चारचौघांत असं ओरडून मनातलं काय बोलणार? स्वतःच्या चुलीवरचं अन्नही ती पाठवीना, कारण घरचं खाल्लं म्हणजे घरी आल्यासारखंच झालं. आठ परक्या माणसांना ती दोन वेळा वाढत होती आणि पोटचा पोरगा समोर ठमाबाईचा जाडा तांबडा भात खात होता. त्याला तो पचतो का, या विचारानं तिचा हात वाढता वाढता थांबे.

मंगळवार गेला, बुधवार गेला. रंगूबाईला कुणावर तरी चिडायचं होतं. तिनं संपवाल्यांना नावं ठेवायला सुरुवात केली तेव्हा जेवता जेवता महिपत म्हणाला, "नका बाई बोलू. त्यांनाबी पोटं हायेत." महिपत तिच्या खानावळीतला सगळ्यात जुना. गिरणीचा संप झाला होता तेव्हा ही आठही माणसं महिनाभर तिच्याकडे पेज पिऊन राहिली होती, आणि तेव्हा तिनंच त्यांना सांगितलं होतं, की डगमगू नका. रंगूबाईनं त्याच्या पानात आणखी भात वाढला. राग काढायलासुद्धा जागा उरली नाही, आणि जागा न मिळालेला राग अंगातच बसतो. तिला रात्री डोळ्याला डोळा लागेना. तिच्या खिडकीतून समोर ओटीवरचं दौलतचं अंथरूण दिसे.

शुक्रवारी सकाळी दहाला तारवाला आला. संप मिटला होता. विमान आजच जाणार, पाचपर्यंत सांताक्रूझला हजर राहायचं होतं. म्हणजे कोपरीतून दोनला निघायला हवं.

दुपारची पंगत उठली तेव्हा एक वाजत आला होता. भांड्यांचा ढीग तसाच टाकून रंगूबाई उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसली. उभं राहण्याचं त्राणच नव्हतं. समोर दौलत नवा कोट घडी घालून मांडीवर घेऊन बसला होता. चार पावलं. पाच दिवस देवानं फुकट दिले होते आणि आपण ते दाराआड घालवले, असं तिला वाटलं. तिचा तिलाच संताप आला.

"दौलत," ती म्हणाली, "ये रे. ये आत. जरा बस माझ्यापाशी."

दौलत उठला. गल्ली ओलांडून उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. पाच दिवसांत पहिल्यांदा तो हळू आवाजात बोलला.

"नको आई. आत आलो तर मग मी जायचो नाही. मी ओळखतो मला."

एवढे दिवस तिला वाटत होतं, की आपणच त्याला बाहेर ठेवलंय. पोरगाही तिकडे तितकाच घाबरून बसला होता, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. दौलत मान खाली घालून परत ओटीवर गेला.

तेवढ्यात ठमाबाई तडकली. "तो आत येत नाय त तू बाहेर ये ना गो! तुना कोनी बांधून ठेवलाय? पाच दिस झाले, मी ओटीवं तुझा पाट मांडून ठेवलाय."

"मी कशी येऊ? तो निघतोय. माझं तोंड…"

"बावीस वरसां तुझाच तोंड बघून उठतोय तो. वाईट व्हायचा असता त कवाच झाला असता. ये गुमान."

रंगूबाईनं उंबऱ्याकडे पाहिलं. दौलतला आत यायची बंदी होती. तिला बाहेर जायची बंदी कुणी घातली होती? तिनं स्वतःच. ती भिंतीला धरून उठली आणि चार पावलं चालून समोरची ओटी चढली. दहा वर्षांत पहिल्यांदा ती कुणाच्या दारी बसायला गेली होती. दौलतनं पाट सरकवला. ती त्याला खेटून बसली.

बोलायचं तर केवढं होतं! तिनं विचारलं, "भात पचला का रे?"

"पचला."

"अंग गरम लागतंय तुझं."

"उन्हानं गं."

"दौलत, तुझा बाप ना…" तिनं सुरुवात केली. त्याच्या खांद्याला टेकलेलं डोकं जड झालं. चार रात्रींचं जागरण, दहा वर्षांची चूल, सगळं एकदम तिच्या डोळ्यांवर आलं, आणि वाक्य तसंच ठेवून ती झोपली.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. ती ओटीवर आडवी होती आणि डोक्याखाली दौलतचा नवा कोट होता. शेजारी ठमाबाई सुपात तांदूळ घेऊन बसली होती. समोर रंगूबाईच्या दारात खानावळीची आठही माणसं गुपचूप उकिडवी बसली होती. कुणी हाक मारली नव्हती.

"गेला?"

"गेला. आमचे पोर्‍यानी, काळुरामनी, ट्रंक पोचवली टेशनावं."

"मला उठवलं का नाहीस?"

"तोच नको म्हनला. झोपू दे, म्हनला. बिगर कोटाचाच गेला."

रंगूबाई कोट छातीशी धरून बसली. मग एकदम दचकून तिनं विचारलं, "मागं वळून नाही ना बघितलं त्यानं?"

"नाय गो. वळाला नाय तो." ठमाबाईनं सूप खाली ठेवलं. "इथशी गल्लीचे टोकापर्यंत उलटा उलटा चालत गेला. तोंड तुझ्याकडंच. दोनदा ठेच लागली."

रंगूबाईनं गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकली. मग ती उठली, चार पावलं ओलांडून आपल्या दाराशी आली आणि माणसांना म्हणाली, "आज जरा उशीर होईल." आत जाऊन ती थंड चुलीपाशी बसली आणि पोटभर रडली.