आजोबांचा कोच

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि बी.ए.ला मराठी घेतलं म्हणजे लिहिता येतं असं नाही, हे आमच्या सरांनीच मला सांगितलंय. तरी लिहितोय. कारण ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. म्हणजे — एका माणसाला सांगितली, पण त्याला सांगणं भागच होतं.

माझं तसं छान चाललंय. उगाच काळजी नको म्हणून आधीच सांगून टाकतो. शुक्रवार पेठेत अप्पांचं जुन्या खुर्च्या-कोचांचं दुकान आहे. त्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहतो — आई, वडील आणि मी. वडील मालाचा टेम्पो चालवतात. कॉलेज सुटलं की मी अप्पांच्या हाताखाली असतो. वेताची बैठक विणायला शिकलोय. भिजवलेला वेत बोटांतून सरकत जातो, चौकटीत जाळी भरत जाते, तेव्हा दुसरं काही नको वाटतं. एखाद्या काळ्या पडलेल्या आरामखुर्चीचं पॉलिश खरवडलं की खालून सागवानाचा मधासारखा रंग वर येतो. तो बघत बसलो की आईला जेवायला चार हाका माराव्या लागतात.

या धंद्यात गिऱ्हाईक पहिलं काय विचारतं, सांगा? किंमत? नाही. आधी खुर्चीच्या हातावरून हात फिरवतं आणि विचारतं, कुणाची होती ही? अप्पांना ठाऊक असलं तर खरं सांगतात, नसलं तर ठाऊक नाही म्हणतात. मला हसून म्हणायचे, "नुसत्या चार पायांवर भागत नाही रे, जुन्या खुर्चीला एक आजोबा लागतो की."

अप्पा दुकानात नसले की मी आजोबा तयार करायचो. कधी स्टेशनमास्तर, कधी गिरणीतले हेडक्लार्क, कधी गाण्याची आवड असलेले वकील. खोटं बोलतोय असं वाटायचंच नाही, गोष्ट सांगतोय असं वाटायचं. आणि माझे सगळे मालक मेलेले असायचे. मेलेला मालक सोयीचा. त्याच्याबद्दल पुढं कुणी काही विचारत नाही.

हीसुद्धा चूकच. पण मला सांगायचीय ती ही नव्हे.

माझ्या थोरल्या बहिणीला — रंजूअक्काला — बघायला अकलूजहून पाहुणे येणार होते. आमच्याकडं एक लोखंडी कॉट आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. अप्पा आपणहून म्हणाले, शिसवी कोच न्या दोन दिवस. दुकानातला सगळ्यात देखणा तुकडा तो. दोन्ही हातांवर द्राक्षांचा वेल कोरलेला, बैठकीला लाल मखमल. तो आमच्या दारातून आत घेताना वडिलांना आणि मला घाम फुटला. आडवा केला, तिरका केला, शेवटी दाराची एक फळी काढली. आई बाजूला उभी राहून म्हणाली, "पोरगी दावायचीया का कोच?"

पाहुणे आले. त्यांची जीप बोळात अडकली. वडील ड्रायव्हरला जागा दाखवायला गेले, बाकीची मंडळीही तिकडंच राहिली. आत फक्त मुलाचे वडील आले, आणि समोर मी. ते कोचावर बसले. द्राक्षांच्या वेलावरून त्यांनी हात फिरवला — अगदी गिऱ्हाइकासारखा — आणि विचारलं, "लई जुना दिसतोय. कुणाचा?"

मी म्हणालो, आमच्या आजोबांचा.

"आहेत का ते?"

नाही, गेले.

एवढंच. कुणी मागितलं होतं हे माझ्याकडं? अक्काला त्यांनी आधीच कुठल्याशा लग्नात बघून पसंत केलेलं होतं. वडील आत असते तर घरमालकाचा हाय म्हणाले असते आणि विषय तिथंच संपला असता.

माझे आजोबा, आबा, जिवंत होते. आहेत. त्या वेळी ते वेळापूरच्या अलीकडं कुणाच्या तरी रानात मेंढरं घेऊन उतरले होते. घोंगडी अंथरायची, काठी शेजारी ठेवायची आणि बसायचं, हीच त्यांची बैठक. मला त्यांची लाज वाटत होती का? हा प्रश्न मी बरेच दिवस टाळला. होय. वाटत होती. मला मखमलीवर बसलेला आजोबा हवा होता.

पुढं बोलणी झाली. वडिलांच्या बोलण्यात एकदोनदा "आबा" आलं. पाहुण्यांना वाटलं असेल, कुणी थोरला चुलता. मी मान खाली घालून चहाचे कप गोळा केले. लग्न ठरलं, आणि मग माझ्या ध्यानात आलं — आबा लग्नात येणार. वडील हात धरून त्यांना पुढं नेणार, हे माझे वडील म्हणणार. मग?

मी एसटीनं गेलो, रानातून विचारत विचारत आबांना गाठलं आणि सगळं सांगितलं. ते एका कोकराला बोटानं दूध चाटवत होते. रागावतील असं वाटलं होतं. नाही रागावले. कोकराचं पोट भरू दिलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले,

"मग लग्नात मी कोण?"

त्यांनी मला भाकरी खायला घातली, फाट्यापर्यंत सोडायला आले. मी एवढं तरी म्हणायला हवं होतं की आबा, तुम्ही या, मी सगळ्यांसमोर सांगतो. म्हणालो नाही. एसटीत बसलो.

आबा लग्नाला आले नाहीत. रानात लांडगा फिरतोय, मेंढरं टाकून येता येत न्हाय, असा त्यांनी निरोप धाडला. लांडगा नव्हता, हे एकट्या मला ठाऊक होतं.

अक्का आबांच्याच मांडीवर वाढलेली. आई-वडील ऊसतोडीला जायचे तेव्हा ती आबांजवळ असायची, मेंढरांच्या मागं पळायची. सासरी निघताना ती मंडपाच्या दाराकडं बघत राहिली. मग आईला म्हणाली, "मेंढरं मोठी झाली व्हय त्यास्नी माझ्यापरास?"

त्यानंतर ती आबांना भेटायला कधी गेली नाही. पंचमीला येते, दिवाळीला येते. आबांचं नाव निघालं की उठून आत जाते. आई म्हणते, म्हातारा तसलाच, जनावरातला. वडील टेम्पो पुसायला उठतात. आणि मी? मी जेवत असतो. आणखी वाढ म्हणतो. एका वाक्यात सगळं मोकळं होण्यासारखं होतं आणि ते वाक्य माझ्याच तोंडात होतं. मी कॉलेजला गेलो, वेत विणला, मित्रांबरोबर हुरडा खाल्ला, निवांत झोपलो. खरंच निवांत. हेच लिहायला सगळ्यात जड जातंय — मी सुखात होतो.

इथवर लिहून झालं होतं. कुणाला दाखवायचं हे ठरत नव्हतं.

काल दुपारी दुकानात एका खुर्चीची बैठक ताणत बसलो होतो, तर आई मोबाईल हातात धरूनच आत आली. नुकताच अक्काचा फोन येऊन गेलेला. ऊस निघाल्यावर अक्काच्या सासऱ्यांनी रानाला खत मिळावं म्हणून मेंढरं बसवायला एक धनगर बोलावला होता. अक्का सासऱ्यांबरोबर त्याची भाकरी घेऊन रानात गेली आणि बांधावरच थांबली. मेंढरं कोंडायची जाळी, वाघर, लावत होते ते आबा. रान कुणाचं आहे हे विचारून, ठाऊक करून घेऊन आलेले. सासऱ्यांनी विचारलं, वळखती का रं ही तुला? तर आबा सरळ उभे राहिले आणि म्हणाले,

"नात हाय माजी. मी मेलो न्हवतो, पाव्हणं. मेंढराकडं हुतो."

अक्का तिथंच बांधावर बसून रडली म्हणे. मग आबांना भरपूर शिव्या दिल्या, मग जवळ बसून जेवायला वाढलं. आता दोन्ही वेळची भाकरी तीच घेऊन जाते, दुसऱ्या कुणाला जाऊ देत नाही. सासरे पण रानातच जाऊन बसतात. त्यांच्या आज्याचीही मेंढरं होती, ती गोष्ट निघाली की दोघं उठत नाहीत.

सांगताना आई हसत होती. मग हसता हसता थांबली.

"पर मामंजी मेल्यात असं त्यास्नी सांगितलं कुणी?"

मी हातातला वेत खाली ठेवला आणि म्हणालो, मी.