मागच्या काचेवरचं नाव
नवी गाडी मी विकत घेतली असं वडिलांना सांगितलं, ही चूक माझीच. खरं तर ती जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीने लीजवर घेऊन दिली होती; दरमहा पगारातून पैसे कापले जायचे आणि मुदत संपली की ती परत करायची होती. परवा शेजारच्या दाराला रंग देत होते, तेव्हा टर्पेंटाइनचा वास आला आणि वाटूरला, वडिलांकडे गाडी दाखवायला गेलो होतो, ती दुपार आठवली. जेवून मी लवंडलो होतो. उठून बाहेर आलो तर वडिलांनी बोलावलेला पेंटर गाडीच्या मागच्या काचेवर लाल रंगात आईचं नाव लिहीत होता. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. वडील शेजाऱ्यांना पेढे वाटत होते. गाडीवर काही रंगवायचं नाही, अशी करारात अट होती. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "कुणाला विचारून लिहिलं?" वडील हसले. "पोराच्या गाडीवर त्याच्या मायचं नाव लिहायला इचारावं लागतंय का?" मी पेंटरचा टर्पेंटाइनचा बोळा उचलून काच घासू लागलो. पेंटर म्हणाला, "साहेब, रंग बी सुकला न्हाई अन् पुसून राह्यले?" खरं सांगायची लाज वाटत होती, म्हणून मी नुसता चिडत राहिलो आणि काच घासत राहिलो. शेवटी वडिलांनी तो बोळा माझ्या हातातून घेतला आणि उरलेली अक्षरं स्वतः पुसली. गेल्या महिन्यात गाडी परत दिली आणि एसटीने वाटूरला गेलो. "गाडी कुठंय?" वडिलांनी विचारलं. मी म्हणालो, "अण्णा, ती माझी नव्हतीच. तवा खरं बोललो असतो, तर तुम्हाला मायचं नाव पुसावं लागलं नसतं. चुकलो. मला माफ करा."