आपल्याकडे वळलेला स्क्रीन

त्या संध्याकाळी मधू राजघाटावर आला नाही, तेव्हा मी म्हटलं, येईल सावकाश. निवृत्त होऊन तो बुऱ्हाणपुरात परतल्यापासून आम्ही रोज तिथेच भेटायचो. तापीवर ऊन उतरत होतं, पाण्यात पायऱ्या हलत होत्या, आणि मला सारखं वाटत होतं की तो मागे येऊन बसलाय, फक्त बोलत नाही एवढंच... मग वहिनींचा फोन आला. "भाऊजी, घरी या. दुपारी झोपले ते उठतच नाहीत हे." त्याला आता काही आठवडे झाले, पण माझ्या मनात तो अजून त्या दुपारच्या झोपेतच आहे.

लोधीपुऱ्यात आमची घरं समोरासमोर. मी शाळेत मास्तर, तो जिल्ह्याच्या नियोजन कार्यालयात. कोणत्या खात्याने किती संगणक घ्यायचे आणि कशासाठी, हे तपासायचं त्याचं काम. सगळी खाती एकमेकांना जोडायची असं वरून ठरलं होतं, ते दिवस. 'इंटिग्रेशन' हा शब्द चहाच्या टपरीवरसुद्धा कानावर यायचा. प्रत्यक्षात महसूलच्या संगणकाला शेतकी खात्याच्या संगणकाचा पत्ता नव्हता. संगणकाची खोली मात्र बघण्यासारखी असायची. आत एसी, दाराबाहेर चपलांचा ढीग, दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार आणि हळदकुंकू. एका वर्षी कीबोर्डमध्ये इतकं कुंकू गेलं की तिथले बाबूजी कितीतरी दिवस लाल बोटांनी जेवत होते. मी पोट धरून हसलो. मधू म्हणाला, "देऊळ करून टाकलं रे याचं. आता माणूस बाहेरच उभा राहणार."

त्याची एक रीत होती. खरेदीचा प्रस्ताव आला की तो आधी त्या कार्यालयात जाऊन अर्जदारांच्या बाकावर बसायचा. साहेब म्हणून नाही, नुसताच. लोक त्याला वेडा म्हणायचे, मीही म्हणायचो. केळीवर वादळ आलं त्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही त्याच्यासोबत बसलो. पंख्याच्या घरघरीत डोळे मिटत होते, आणि शेजारी फोपनारचा एक शेतकरी आपल्या आडव्या झालेल्या बागेची कहाणी सांगत होता. तीच कहाणी तो आणखी दोन खात्यांत सांगून आला होता. "तिथं सांगतलं, अठीबी सांगतलं," तो म्हणाला. "बाबू टकटक करते. पण आमच्या नावानं आत काय लिवलं, ते आमाले थोडीच दिसते?" खरंच होतं ते. बाकावरून त्या स्क्रीनची फक्त पाठ दिसायची. मधू कितीतरी वेळ त्या काळ्या पाठीकडे बघत बसला होता.

त्यातून त्याने आपला आराखडा केला. नवी मशीनं घ्यायची नाहीत, आधीची खोक्यांत पडून असलेली बाहेर काढायची, तिन्ही खाती जोडायची, आणि प्रत्येक खिडकीवर फिरत्या स्टँडचा स्क्रीन, म्हणजे समोरच्या माणसालाही दिसेल. पण मार्च आला. पैसे परत जाऊ नयेत म्हणून सगळ्या कार्यालयांसाठी नव्या मशीनांचा प्रस्ताव तयार होता, मधूची सही तेवढी बाकी होती. वरच्या साहेबांनी गोडीत सांगितलं, "मधुकरजी, साइन कर दीजिए. नहीं तो चंबल की तरफ जगह खाली है."

मधूची आई, तापीबाई, तेव्हा फार थकली होती. गाव सोडायला तयार नव्हती. मधू तिला रोज संध्याकाळी रिक्षाने घाटावर आणायचा, तिचे पाय पाण्यात सोडून बसायचा. त्या मार्चमध्ये तो माझ्या ओट्यावर आला आणि म्हणाला, "सही केली तर आईजवळ राहतो."

"मग कर ना. कोण विचारणार आहे तुला?"

"ही नवी मशीनंपण खोक्यातच राहतील रे. मग काही वर्षं जोडणीला न् स्टँडला कुणी पैसे मागूच देणार नाही. तो फोपनारवाला तिथंच उभा."

त्याने सही केली नाही. मार्च संपला, प्रस्ताव तसाच राहिला, बदलीचा हुकूम आला आणि तो गेला. मला त्याचा राग आला होता, आजही थोडा आहे. त्याच्या आईला घाटावर मी न्यायचो. ती पाण्याकडे बघत विचारायची, "मधू आला का रे?" श्रावणात ती गेली, तेव्हा तो अजून गाडीत होता.

त्याच्या जागी आलेल्या बाईंनी त्याचा आराखडा बाहेर काढला, आणि हळूहळू तो सगळ्या कार्यालयांत अमलातही आला म्हणे. मधू परतल्यावर मी त्याला एकदा चल बघायला म्हटलं, तर तो नुसता हसला. घाटावर बसल्याबसल्या मी एकदा विचारलंच, पस्तावतोस का? त्याने पाय पाण्यात सोडले. म्हणाला, "आईसाठी रडू येतं. रोज येतं. पण सही केली असती, तर तिच्याजवळ बसून तिच्याकडे बघता आलं नसतं..."

मागच्या आठवड्यात वहिनींच्या सांगण्यावरून मी मृत्यूचा दाखला आणायला गेलो. खिडकीवर एक तरुण मुलगी होती. तिने माहिती भरली आणि सवयीने स्क्रीन माझ्याकडे वळवला. स्टँड किंचित कुरकुरला. "काकाजी, एक बार देख लो. नाव, आईचं नाव, सगळं बरोबर आहे ना? मग प्रिंट काढते."

समोर मधूचं नाव होतं, आणि त्याच्याखाली तापीबाईंचं. मायलेक एकाखाली एक, शांत बसलेले...

"बरोबर आहे," मी म्हणालो. ती स्क्रीन परत वळवायला लागली, तसा माझा हात आपोआप पुढे गेला.

"राहू दे बेटा, थोडा वेळ. असाच राहू दे."