जॅझचा पिक्चर आणि ट्रंकेतला बाजा

नात पुण्याहून दिग्रसला आली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी मोबाइल घेऊन माझ्या खाटेवर बसली. "आजी, तुला एक जुना पिक्चर दाखवते."

मला तेव्हाच शंका आली. ही पोरगी एरवी जेवतानाही मोबाइल कोणाला दाखवत नाही.

पिक्चर अमेरिकेतला, काळा-पांढरा. त्यात सगळी काळी माणसं. नात म्हणाली, त्या काळी गोऱ्यांच्या पिक्चरमध्ये यांना बहुतेक नोकराचंच काम मिळायचं, म्हणून सगळी कामं यांचीच असलेले वेगळे पिक्चर निघाले. त्यांच्या वाजवण्याला जॅझ म्हणतात. गोष्ट नावालाच होती. घडीघडी कोणी नाचायचं, कोणी गायचं. मग एक जाडा माणूस ट्रम्पेट घेऊन आला.

"हा फुकून नाही राह्यला," मी म्हटलं.

"काहीही काय! मोठा कलाकार आहे तो."

"असन. पण गळ्याची शीर पाह्य त्याची. ढिली हाये."

माझा नवरा लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. वरबापाने पंधरा माणसं सांगितली की बँडमालक अकरा वाजवणारे आणायचा. बाकी चौघांना कोट घालून, हातात बाजा देऊन नुसतं चालवायचा. नवऱ्याने पहिले दोन हंगाम असेच काढले. खोटा वाजवणारा मला लांबून कळतो.

नातीने मोबाइलवर शोधलं. "खरंच गं. आवाज आधी भरून घ्यायचे, मग नुसता अभिनय." आणि लगेच, "आजी, आजोबांचा बाजा मला दे ना. मी शिकतेय."

म्हणजे पिक्चर यासाठी होता.

"इकाले पायजे काय? किती पैसे येतीन त्याचे?"

"आजी!"

"तुया बापानं घंगाळ असंच नेलं, कल्हई कराले. ते अजून येऊनच राह्यलं. शिकली म्हणतं, तर वाजव."

मी ट्रंक उघडली. तिने बाजा उचलून ओठाला लावला. पहिल्या फुंकरीला म्हैस हंबरल्यासारखा आवाज निघाला. दुसऱ्या वेळी एक सूर सरळ लांबवर गेला. बाजा खाली आला तेव्हा तिचा वरचा ओठ पाहिला. मध्यभागी गोल वळ होता, घट्टा पडलेला. तो एका दिवसात पडत नाही.

तरी मी बाजा दिला नाही. ओठाला लावायचा पितळी तुकडा तेवढा काढून तिच्या हातावर ठेवला आणि बाकीचा ट्रंकेत घालून कुलूप लावलं.

"एवढ्यावर गाणं वाजत नाही, आजी."

"इकल्याही जात नाही," मी म्हटलं.